कृतनाश आणि एच-इंडेक्स

मुलाखत समितीला माणूस एका पानावर हवा असतो. एकूण पेपर किती, त्यातले पहिलं नाव असलेले किती, सायटेशन किती, स्वतःच स्वतःला दिलेली वजा केली तर किती उरतात, एच-इंडेक्स किती. मुंबईतल्या एका वैद्यकीय संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी झाली आणि शेवटी शेवटी हे पान तयार करणं हेच माझं मुख्य काम होऊन बसलं. पुस्तकांची देवघेव ओस पडली. शास्त्रज्ञ जिना चढून वर यायचे ते आपला आकडा विचारायला, आणि जमलंच तर शेजारच्या प्रयोगशाळेतल्या माणसाचाही, सहज म्हणून.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शोधनिबंधाच्या शेवटी संदर्भांची यादी असते. तुमचा निबंध कुणाच्या यादीत आला की तुम्हाला एक सायटेशन मिळालं. प्रत्येकी किमान वीस सायटेशन असलेले वीस निबंध तुमच्या नावावर असले, तर तुमचा एच-इंडेक्स 20. ही युक्ती सॅन दिएगोच्या होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 साली काढली. त्याआधी माणसं बढतीशिवाय राहत होती असं नाही, पण आता हा आकडा नसेल तर अर्ज अपुरा वाटतो.

आमच्याकडे न्यूरोकेमिस्ट्रीच्या एक मॅडम होत्या. पांढऱ्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन आणि सेरोटोनिन मोजण्यात त्यांची हयात गेली. हे मोजायचं तर मेंदू झटपट बाहेर काढावा लागतो, कारण जीव गेल्याबरोबर आतली रसायनं बदलायला लागतात. बर्फावर ठेवलेल्या काचेवर मेंदू पालथा घालायचा, दोन्ही गोलार्ध अलग करायचे आणि स्ट्रायटम नावाचा भाग शेजारचं काही न लागता उचलायचा. हे काम प्रयोगशाळेतले मामा करायचे. मामा म्हणजे अटेंडंट, जेमतेम शाळा शिकलेले. पीएचडीची मुलं त्यांच्या शेजारी उभी राहून शिकायची आणि पहिले काही आठवडे नुसता चिखल करायची. मॅडमच्या पेपरांत शेवटी आभारांमध्ये मामांचं पूर्ण नाव असायचं. आभारांतली नावं कुठेच मोजली जात नाहीत.

मॅडमच्या बढतीच्या वेळी मी त्यांचं पान तयार करून दिलं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "आणि मी कोणाकोणाला सायट केलंय, तो आकडा?"

"त्याला रकानाच नाही हो."

"म्हणजे येणी विचारतात, देणी नाही. बरंय."

त्या सही करून गेल्या. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य गेलं नाही.

बी.ए.ला माझा विषय संस्कृत होता. तर्कसंग्रह, थोडा वेदान्त, परीक्षेपुरतं दर्शनशास्त्र. पुष्कळसं उडून गेलं, पण दोन आक्षेप रुतून बसले: कृतनाश आणि अकृताभ्यागम. केलेल्याचं फळ वाया जाणं, आणि न केलेल्याचं फळ पदरात पडणं. कर्मफळाचा विचार करणारी आपली दर्शनं हे दोन दोष आपल्या अंगाला लागू नयेत म्हणून केवढी धडपड करतात. नैयायिक नित्य आत्मा मानतो, पुनर्जन्म मानतो, त्यामागे हेही एक मोठं कारण आहे. या जन्मात हिशेब जुळताना दिसत नाही, तेव्हा बाकी पुढच्या जन्मात ओढायची. शिवाय ईश्वर हवा, कारण कर्म जड आहे. कोणाचं फळ कोणाला द्यायचं हे त्याचं त्याला कसं कळणार?

ग्रंथालयाला पुनर्जन्म नाही आणि ईश्वरही नाही. आमच्याकडे होता तो फिलाडेल्फियाचा युजीन गारफील्ड. त्यानं 1964 पासून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आणला. मूळ कल्पना त्यानं 1955 सालीच मांडली होती आणि ती माणसं मोजण्याची नव्हती. अमेरिकेतले वकील एखादा निकाल पुढे कुठल्या निकालांत आला, टिकला की फिरवला गेला, हे सूचीत शोधतात. तशीच सोय विज्ञानाला हवी, म्हणजे एखाद्या निबंधावर नंतर कोणी काय आक्षेप घेतला ते सापडेल, असं त्याचं म्हणणं. शोधायचं साधन होतं ते. त्याचे छापील खंड मी हाताळले आहेत. कागद पातळ, अक्षर इतकं बारीक की टेबलावर भिंग ठेवावं लागे. आणि त्यात एक गोम होती. ज्या निबंधाचा संदर्भ दिला गेला तो त्या खंडात फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली सापडायचा. दुसरं, तिसरं, चौथं नाव असलेल्यानं आपल्याला कोणी विचारतंय का हे पाहायचं, तर आधी आपला पहिला लेखक कोण ते आठवायचं.

आता ज्या न्यूरोकेमिस्टच्या नावावर जगात सर्वांत जास्त सायटेशन मिळालेला निबंध आहे, त्याच्याकडे वळते. ऑलिव्हर लाउरी. जन्म शिकागोचा, 1910 चा. 1947 पासून सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात औषधशास्त्राचे प्रमुख. या माणसाला एकाच गोष्टीचं वेड होतं: मेंदूतल्या एकट्या पेशीच्या आत काय चाललंय ते मोजायचं. मेंदूचा गोठवून वाळवलेला पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ते त्यातून एकेक पेशी हातानं कापून काढत. ती तोलायला बाजारात तराजू मिळत नव्हता, म्हणून त्यांनी तो केला. क्वार्ट्झचा केसाहूनही बारीक तंतू एका टोकाला पक्का बसवायचा, मोकळ्या टोकावर पेशीचा तुकडा ठेवायचा आणि तंतू किती वाकला ते सूक्ष्मदर्शकातून वाचायचं. श्वास लागला तरी बिघडणारं काम. त्या तुकड्यातलं एन्झाइम इतकं थोडं की नेहमीच्या रीतीनं दिसणारच नाही. म्हणून एकच रासायनिक फेरा हजारो वेळा फिरवून त्याची खूण मोठी करून घ्यायची युक्ती त्यांनी बसवली. रक्तपुरवठा तुटल्यावर मेंदू आपली साठवलेली ऊर्जा किती भराभर खर्च करतो, यावर त्यांचा आणि जॅनेट पासोनो वगैरे सहकाऱ्यांचा 1964 चा निबंध आहे. आमच्या मॅडम तो नव्या मुलांना सक्तीनं वाचायला लावत.

पण जग लाउरींना ओळखतं ते यासाठी नव्हे. ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’, 1951, खंड 193, पान 265. विषय: द्रावणात प्रोटीन किती आहे ते मोजण्याची पद्धत. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा. नळीत नमुना घ्यायचा, त्यात तांब्याचं अल्कधर्मी द्रावण घालायचं, दहा मिनिटं थांबायचं. मग फोलिनचं रिएजंट, आणि ते पडल्या क्षणी ढवळायचं, कारण अल्कधर्मी द्रावणात ते फार टिकत नाही. जो विद्यार्थी आधी सगळ्या नळ्यांत फोलिन घालून मग सावकाश हलवत बसतो त्याचे आकडे वेडेवाकडे येतात. अर्धा तास गेला की निळा रंग चढतो. रंग जितका गडद तितकं प्रोटीन जास्त. झालं. कुठलंही एन्झाइम मोजलं की ते दर मिलिग्रॅम प्रोटीनमागे किती, असं सांगावं लागतं, म्हणून जो तो लाउरी करायचा आणि जो तो लाउरींचा संदर्भ द्यायचा. ‘नेचर’नं 2014 साली सर्वाधिक सायटेशनच्या निबंधांची यादी केली, तेव्हा हा पहिला होता, 3 लाख 5 हजारांहून जास्त सायटेशनचा. डीएनएची रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा 1953 चा निबंध पहिल्या शंभरातसुद्धा नव्हता.

लाउरींना याची गंमत वाटायची. हा काही थोर निबंध नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, पण लोकांचा प्रतिसाद पाहून मनातून बरं वाटतं, अशा अर्थाचं त्यांनी 1977 साली लिहून ठेवलंय. सरळ माणूस. 1990 साली लिहिलेल्या आत्मवृत्ताला त्यांनी नाव दिलं तेही ‘प्रतिभावंत नसताना संशोधनात यशस्वी कसं व्हावं’ अशा अर्थाचं.

काटेकोर नैयायिक म्हणेल, हा अकृताभ्यागम नव्हे, काम त्यानंच केलं होतं ना. कबूल. पण रक्कम जमा झाली ती वेगळ्याच कामाची. आयुष्यभर ज्यावर डोळे फोडले तो तंतूचा तराजू आणि तो एकट्या पेशीचा ध्यास जाणणारे मूठभर. आणि जी वाटेत सोयीसाठी बसवलेली रीत, तिच्यावर सगळ्या जगाचा अभिषेक. त्यातही अभिषेक एकट्या लाउरींवर. निबंधावर नावं चार आहेत: लाउरी, नीरा रोजब्रो, लुइस फार, रोज रँडल. यांतली दोन बायकांची दिसतात. आपण म्हणतो ‘लाउरी मेथड’, छापताना ‘लाउरी आणि इतर’. तीन लाख वेळा ‘आणि इतर’ होणं हेही एक प्रकारचं विक्रमी कर्मच म्हणायचं.

शुद्ध अकृताभ्यागम पाहायचा तर मेंदूच्या रसायनशास्त्रातच दुसरीकडे आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’च म्हणत. तिच्या प्रजातीला शास्त्रीय नाव मिळालं ‘राउवोल्फिया’, सोळाव्या शतकातल्या लिओनार्ड राउवोल्फ या जर्मन वैद्याच्या सन्मानार्थ. हा गृहस्थ पश्चिम आशियापर्यंत फिरला, हिंदुस्थानात आलाच नाही. त्याच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं ते नाव ठेवलं. जे झाड राउवोल्फनं पाहिलं नाही त्या झाडाबरोबर त्याचं नाव कायमचं जोडलं गेलं, आणि ज्या वैद्यानं पहिल्यांदा ते मूळ उगाळून कोण्या बेभान माणसाला पाजलं त्याचं गाव कोणतं हेही कोणाला ठाऊक नाही.

1931 साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेवर निबंध लिहिला. मथळ्यात त्यांनी तिला वेड आणि रक्तदाब यांवरचं ‘नवं’ भारतीय औषध म्हटलं. नवं! पुढे आमच्या परळच्या के.ई.एम. रुग्णालयातले रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर ते वापरून 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लिहिलं, आणि बाहेरचं जग जागं झालं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीनं त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. 1955 मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडीच्या प्रयोगशाळेत दिसलं की रेसर्पिन दिलं की मेंदूतलं सेरोटोनिन ओसरतं. त्याच प्रयोगशाळेत काही महिने काढून स्वीडनला परतलेल्या अर्विद कार्लसननं सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांना डोपा, म्हणजे डोपामिनचा कच्चा माल, दिलं आणि ते पुन्हा हिंडू लागले. हा 1957 चा निबंध. तिथून पुढे व्हिएन्नाच्या होर्निकिएविच यांनी पार्किन्सनच्या रोग्यांच्या मेंदूत डोपामिन घटलेलं दाखवलं आणि 1961 साली बिर्कमायर यांच्याबरोबर रोग्यांना डोपा दिलं. आज आपल्या ओळखीत कुणाचा कापरा हात गोळीनं शांत होतो, ती गोळी या वाटेनं आली.

कार्लसनना 2000 साली नोबेल मिळालं, रास्तच मिळालं. होर्निकिएविचना नाही, दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी त्याबद्दल जाहीर पत्र लिहिलं. आणि कॅथलीन मोंटॅग्यू? लंडनजवळच्या रनवेल मनोरुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या या बाईंनी 1957 च्याच ऑगस्टमध्ये ‘नेचर’मध्ये छोटं टिपण छापलं. निरनिराळ्या प्राण्यांच्या मेंदूत डोपामिन असल्याचं त्यात होतं. ज्या पदार्थावर पुढे ग्रंथालयाच्या कपाटांमागून कपाटं भरली, त्याची मेंदूतली पहिली नोंद. मी आमच्याकडच्या पदव्युत्तर मुलांना त्यांचं नाव विचारायची. ओळखणारा विरळा. शब्दकोडं असतं तर सुटलं नसतं.

याला कृतनाश म्हणावं की यश? रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं हे फार बारकाईनं पाहिलंय. एखादा शोध इतका सर्वांचा होऊन जातो की कोणी त्याचा संदर्भच देत नाही. मेंदूत डोपामिन असतं हे लिहिताना आज कोण कुणाचा हवाला देईल? शोध जितका मुरला तितकी नोंद पुसली. उलट ज्याचं नाव आधीच मोठं त्याच्याच खात्यात आणखी भर पडते, या प्रकाराला मर्टननं 1968 मध्ये बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानावरून नाव दिलं. आणि नंतर त्यालाच कबूल करावं लागलं की तो निबंध हॅरिएट झुकरमन या सहकारी बाईंच्या सामग्रीवर इतका उभा होता की दोघांच्या नावानं निघायला हवा होता. नाव मोठं मर्टनचं, म्हणून भर मर्टनच्या खात्यात.

आता बौद्ध म्हणेल, तुमचा घोळ मुळातच आहे. तुम्ही खातेदार नित्य मानता. क्षणिकवादावर जैनांनी आणि नैयायिकांनी हाच आक्षेप घेतला होता: करणारा पुढच्या क्षणी उरतच नसेल तर फळ भलत्यालाच मिळेल, कृतनाशही आणि अकृताभ्यागमही. बौद्धांचं उत्तर असं की करणारा आणि भोगणारा एकच असायला नको, एकच संतान असली की पुरे. म्हणजे क्षणामागून क्षण वाहणारी एक ओळ. तिच्यात जे पेरलं ते तिच्यातच उगवतं. तो अनाम वैद्य, सेन आणि बोस, वकील, ब्रॉडी, मोंटॅग्यू, कार्लसन, तो ससा, तो थांबलेला हात: ही एक संतान. तिच्यात काही वाया गेलं नाही.

हे उत्तर मला सुंदर वाटतं, आणि मी त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही. ज्याची बढती झालेली आहे त्याला ते पटकन पटतं. व्यासपीठावरून ‘मी निमित्तमात्र’ म्हणणारे बहुतेक जण निमित्ताच्या मानधनाची पावती घेऊनच उतरतात. मामांना संतानाचं तत्त्व समजावून सांगायची माझी छाती नाही. ओळ वाहते हे खरं, पण ओळीत उभ्या असलेल्या माणसाला घरभाडं असतं.

नैयायिकाचा पुनर्जन्म मात्र क्वचित ग्रंथालयातही घडतो. 1937 साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुइलीच्या बियांतून डोपा वेगळं काढल्याचा निबंध ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये छापला. तेव्हा त्या रेणूचा कंपवाताशी काही संबंध आहे हे त्यांना कळणं शक्यच नव्हतं. एक रासायनिक कुतूहल. 1961 नंतर तोच निबंध उठून बसला, आणि तेव्हापासून खाजकुइलीवर जो लिहितो त्याला तिथे जावंच लागतं. पण हा जन्म निबंधाचा. माणसांना काय मिळालं?

माझे वडील ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसत. शेवटच्या अध्यायाशी आले की आवाज जरा चढे. ग्रंथ संपवताना ज्ञानदेव आपल्याकडे आलेली वाट सांगतात: आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. गीतेचा अर्थ लावताना भाष्यकारांना वाट विचारत आलो, असंही ते म्हणून ठेवतात. एवढा ग्रंथ, आणि श्रेय द्यायची घाई केवढी! जनाबाईची सही तर त्याहून पुढची. ती अभंगाच्या शेवटी स्वतःला नामयाची दासी म्हणवते. देणेकऱ्याच्या सहीतच सावकाराचं नाव. आमच्या नमुन्यात हे बसवायचं तर रकाना कुठला द्यायचा?

याच परंपरेत एक उलटा व्यवहारही चालला. नंतरच्या कितीतरी कवींनी आपली रचना नामदेवांच्या, तुकोबांच्या नावावर घालून दिली. विष्णुदास नामा या नंतरच्या कवीचे अभंग संत नामदेवांच्या गाथेत असे मिसळले की अभ्यासकांचे डोळे पांढरे व्हावेत. वाङ्मयचोर दुसऱ्याचं आपल्या नावावर घालतो. यांतल्या काहींनी आपलं दुसऱ्याच्या नावावर घातलं. स्वखुशीचा कृतनाश. भाविकाला हे गोड वाटेल. कॅटलॉग करणारीला नाही. एकनाथांनाही वाटलं नसावं: शके 1506 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी त्यात आपल्या ओव्या घुसडू नयेत असं बजावून ठेवलं. मी एकनाथांच्या बाजूची. नाव पुसणं म्हणजे नम्रता असं मला वाटत नाही. जनाबाईनं नाव पुसलं नाही. तिनं आपल्या नावाशेजारी दुसरं लिहिलं.

मॅडम येणी आणि देणी म्हणाल्या ते इथं मला कळतं. संदर्भाची यादी ही वाण्याकडची उधारीची वही नव्हे, जी सावकारानं लिहायची. ती ऋणकोनं स्वतः लिहिलेली कबुली आहे. गारफील्डनं या सगळ्या कबुल्या गोळा केल्या, तिथवर ठीक होतं. मग आपण त्या उलट्या बाजूनं वाचायला लागलो आणि त्यांनाच कर्मफळ म्हणायला लागलो. ज्या वहीत फक्त आठवलेली, सोयीची, पहिल्या नावाची देणी लिहिलेली आहेत, ती कर्माचा हिशेब कशी देणार? कितीही नवे निर्देशांक काढा, ते दोन दोष राहणारच. समितीनं एवढं मानलं तर निम्मा जाच कमी होईल. मानत नाही ती गोष्ट वेगळी.

देण्याची बाजू मात्र पूर्ण आपल्या हातात असते, आणि तिथे आपले पूर्वज चांगलेच कडक होते. जन्मलेल्या माणसावर देवांचं, पितरांचं आणि ऋषींचं ऋण असतं, असं वैदिक ग्रंथांत सांगितलंय. त्यातलं ऋषींचं फिटतं ते अध्ययनानं. नाव घेतल्यानं नाही. वाचल्यानं. या कसोटीवर आमचा धंदा फार लंगडा पडतो. सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी 2003 साली एक खट्याळ हिशेब मांडला. संदर्भ लिहिताना एखाद्यानं खंडाचा किंवा पानाचा आकडा चुकवला की तीच चूक पुढच्या डझनभर याद्यांत जशीच्या तशी उतरते. म्हणजे मूळ निबंध उघडलाच नाही, दुसऱ्याच्या यादीतून उचलला. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की मूळ वाचून संदर्भ देणारे शेकडा वीसच्या आसपास. आपल्या नैयायिकांकडे याला जुना शब्द आहे, अंधपरंपरा: एका आंधळ्याचा हात धरून दुसरा, दुसऱ्याचा धरून तिसरा.

निवृत्तीआधी मॅडमचीच एक विद्यार्थिनी माझ्याकडे यायची. हुशार, घाईची. तिच्या दोन मसुद्यांत लाउरींचा संदर्भ होता, पान बिनचूक. मी विचारलं, "वाचलायस का?"

"मॅडम, लाउरी कोण वाचतं? सगळे नुसतं देतात. प्रोटोकॉल तर लॅबच्या वहीत आहे."

मी तिला खाली गोदामात नेलं आणि खंड 193 काढून दिला. कातडी बांधणी, धूळ, कोपऱ्यात वाळवीची एक रेघ. ती उभ्याउभ्याच चाळायला लागली, मग स्टूल ओढून बसली. लेखकांनी आपल्याच पद्धतीच्या उणिवा तिथे मोकळेपणी लिहिल्या आहेत: वेगवेगळ्या प्रोटीनना रंग कमीजास्त चढतो, आणि रंग प्रोटीनच्या प्रमाणात काटेकोर वाढत नाही. ती परत मागच्या पानावर गेली, पुन्हा पुढे आली.

"म्हणजे वरच्या टोकाला मी सरळ रेषा ओढलीय ती चुकीची आहे? स्टँडर्ड कर्व्ह सगळी परत काढावी लागणार."

"असं दिसतंय खरं."

"पण हे मला कोणी सांगितलं कसं नाही?"

"अगं, सांगितलंय की. चौघांनी मिळून, 1951 मध्ये. तू दोनदा त्यांचे आभारही मानलेयस."